औषध आणि घर : रक्तरोगांच्या इतिहासातील एक धडा

सोलापूर शहराचा दिवस एके काळी गिरण्यांच्या भोंग्याने उजाडत असे. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे चात्यांच्या व मागांच्या आवाजानेच या शहराची ओळख ठरून गेली. त्या काळी गिरणीच्या चाळींत, विणकरांच्या घरांत आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या ओसरीवर एक वाक्य वारंवार कानी पडे, 'हिच्या अंगात रक्तच नाही.' निस्तेज चेहरा, चार पायऱ्या चढताच लागणारी धाप, पायांवर आलेली सूज, आणि हे सारे बाळंतपणाच्या सुमारास बळावणारे. वैद्य त्याला पांडुरोग म्हणत. घरची माणसे नशीब म्हणून सोडून देत.

जुन्या वैद्यांची एक रीत मात्र मोठी शहाणपणाची होती. रोग्याच्या उशाशी बसल्यावर ते मनाशी दोन प्रश्न करीत. पहिला प्रश्न साध्यासाध्यतेचा : रोग साध्य आहे, कष्टसाध्य आहे, याप्य म्हणजे औषध चालू आहे तोवर आवरून धरता येण्याजोगा आहे, की असाध्य आहे? दुसरा प्रश्न उपद्रवांचा : मूळ रोगाबरोबर किंवा त्याच्या मागून दुसरी कोणती संकटे येऊ घातली आहेत? आजच्या रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्यापुढे उभे राहणारे प्रश्नही तत्त्वतः हेच आहेत. फरक एवढाच की, आता उपद्रव केवळ रोगाचे नसतात, औषधाचेही असतात.

शंभर वर्षांपूर्वी ज्या रोगांच्या कपाळी 'असाध्य' असा शिक्का होता, त्यांपैकी काही आज कष्टसाध्य व काही साध्य झाले आहेत. हे कसे घडले याचा इतिहास बहुधा अमेरिकेतील बोस्टन शहरापासून सांगण्यात येतो. वास्तविक त्याचा एक धागा मुंबईच्या गिरणगावातून निघतो, आणि त्याचे दुसरे टोक सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत येऊन पोहोचते. तो धागा उलगडला असता एक गोष्ट स्पष्ट होते. रक्तरोगाचा निकाल एकट्या औषधाने लागत नाही. औषधाभोवतीचे घर, अन्न, पाणी, अंतर आणि वेळ यांचाही त्यात तेवढाच वाटा असतो.

सन १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. त्यांचा जन्म १८८८ सालचा. केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकून नंतर त्या वैद्यकाकडे वळल्या होत्या. हिंदुस्थानात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांच्या चौकशीचे काम त्या वेळी परळच्या हाफकिन संस्थेत चालू होते. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी त्या कामासाठी विल्सबाईंना पाचारण केले. गिरणगावातील गरोदर स्त्रियांना जडणारा पांडुरोग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. या रोगात रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत, परंतु आकाराने वाजवीपेक्षा मोठ्या होत. रोग बळावला की आई व मूल दोघांचाही जीव धोक्यात येई.

असा रोग जंतूंमुळे होत असावा, असा तर्क करणे त्या काळी स्वाभाविक होते. विल्सबाईंनी तोही तपासून पाहिला. परंतु त्यांचे खरे लक्ष गेले ते या स्त्रियांच्या ताटाकडे. कोणत्या घरात काय शिजते, भाजी किती, फळे किती, दूध किती, याची त्यांनी जातीने चौकशी केली. ज्या घरांचा आहार सर्वांत निकस, त्याच घरांतील स्त्रिया या रोगाला अधिक बळी पडतात, असे त्यांना आढळून आले. गरीब मुसलमान कुटुंबांतील स्त्रियांची स्थिती त्यांत विशेष वाईट होती. मग हाच आहार प्रयोगशाळेतील उंदरांना घालून पाहण्यात आला. उंदीरही पांडुरोगी झाले. पण त्यांच्या अंगावर उवा होत्या आणि त्यांमुळेही असा रोग होणे शक्य होते. सबब त्या प्रयोगावर विसंबून न राहता माकडांवर तो नव्याने करण्यात आला. आपल्या मताला अनुकूल असलेला पुरावासुद्धा सदोष दिसताच बाजूला ठेवणे, ही शास्त्रज्ञाची खरी कसोटी होय.

त्या काळी पांडुरोगाच्या एका घातक प्रकारावर यकृत खाऊ घालण्याचा इलाज अमेरिकेतील मायनॉट व मर्फी यांनी १९२६ साली सिद्ध केला होता. परंतु यकृताचा अर्क महाग पडे, आणि गिरणीकामगाराच्या घरी तो आणायचा कोणी? विल्सबाईंनी मार्माइट नावाचा किण्वाचा अर्क देऊन पाहिला. दारूच्या भट्टीत उरणाऱ्या किण्वापासून बनविलेला, इंग्रजी घरांतून पावाला लावून खाण्याचा हा एक स्वस्त पदार्थ. तो पोटात जाऊ लागताच रोगी स्त्रियांच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या आणि त्यांची प्रकृती सुधारू लागली. १९३१ सालच्या जून महिन्यात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. किण्वातील त्या अज्ञात द्रव्याला 'विल्स घटक' असे नाव पडले.

पुढे १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे पालकाच्या भाजीतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल असे नाव मिळाले. विल्स घटकाचे रहस्य या द्रव्यात होते. शरीरातील जी पेशी दुभंगून दोन होते, तिला आपल्या केंद्रातील द्रव्य नव्याने घडविण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. हाडांच्या पोकळीतील मगज, म्हणजे अस्थिमज्जा, हा रक्तपेशींचा कारखाना अहोरात्र चालू असतो. कच्चा माल तुटला की तेथून अर्धवट घडलेल्या, बेढब पेशी बाहेर पडतात. गिरणगावातील स्त्रियांचा पांडुरोग तो हाच.

विल्सबाईंचा निबंध ज्या महिन्यात छापला गेला, त्याच महिन्यात मुंबईच्या एका नामांकित घराण्यावर आघात झाला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १८ जून १९३१ रोजी वेल्समध्ये ल्युकेमियाने निधन झाले. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. १८४५ साली जर्मनीत व्हिर्खो व स्कॉटलंडात बेनेट यांनी या रोगाचे वर्णन केले होते. तेव्हापासून पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली तरी वैद्यक त्याच्यापुढे हतबलच होते. पैसा अमाप असूनही त्याने विकत घेता येईल असे औषध जगात कोठेही नव्हते. दोराबजींनी १९३२ साली पत्नीच्या स्मरणार्थ या रोगाच्या संशोधनासाठी निधी स्थापन केला आणि त्याच वर्षी त्यांचेही देहावसान झाले. त्यांच्या विश्वस्तांनी परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले.

एकीकडे गिरणगावातील गरीब बाई आणि दुसरीकडे लेडी टाटा. एकीच्या अस्थिमज्जेत पेशी नीट घडत नव्हत्या. दुसरीच्या अस्थिमज्जेत रोगट पेशींची बेसुमार वाढ झाली होती. या दोन रोगांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे १९३१ साली कोणाच्या स्वप्नातही आले नसते. तो संबंध जोडण्यास कारण झालेल्या माणसांत एक आंध्र गृहस्थ होते.

यल्लाप्रगड सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली भीमावरम येथे झाला. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घरी आजही तेलुगू बोलली जाते, त्या विणकर कुटुंबांना हे नाव परके वाटू नये. तरुणपणी संग्रहणीच्या विकाराने सुब्बाराव यांच्या बंधूंचा बळी घेतला आणि त्यांनाही तो विकार जडला. त्यातून ते बचावले, पुढे अमेरिकेस गेले आणि १९४० पासून लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधन करू लागले. त्यांच्या देखरेखीखालील मंडळींनी १९४५ साली फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. संग्रहणीच्या त्या विकारावरही हेच आम्ल गुणकारी ठरले, हा योगायोग चटका लावणारा आहे.

बोस्टन येथील बालरुग्णालयात सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर होते. ल्युकेमियाने आजारी असलेल्या काही मुलांना फॉलिक आम्लाच्या वर्गातील द्रव्ये दिली असता रोग हटण्याऐवजी अधिकच भडकतो, असे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा त्यांनी सरळ उलटा विचार केला. ज्या अन्नावर रोगट पेशी पोसली जाते, तेच तोडले तर? फॉलिक आम्लासारखे दिसणारे, पण पेशीच्या हाती लागताच तिचे काम बंद पाडणारे असे द्रव्य सुब्बाराव यांच्या मंडळींनी तयार केले होते. त्याचे नाव अमिनोप्टेरिन. १९४७ च्या अखेरीस फार्बर यांनी ते मुलांना देण्यास सुरुवात केली. ३ जून १९४८ रोजी त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. एकंदर १६ मुलांपैकी १० मुलांत लक्षणीय सुधारणा दिसून आली होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव न्यूयॉर्क येथे निवर्तले.

फार्बर यांच्या या निबंधातील सर्वांत मोलाचा शब्द त्याच्या मथळ्यातच आहे, आणि तो म्हणजे 'तात्पुरता'. रोगाला पडलेला उतार तात्पुरता आहे आणि औषध विषारी आहे, ही गोष्ट त्यांनी लपवून ठेवली नाही. औषध घेतल्यावर मुलांच्या तोंडात व्रण होत, जुलाब लागत, रक्तस्राव होई. याचे कारण उघड आहे. अस्थिमज्जेतील निरोगी पेशी, तोंडाच्या व आतड्याच्या अस्तराच्या पेशी, याही सतत दुभंगत असतात. शत्रूची रसद तोडताना गावाचीही रसद तुटते. गिरणगावातील स्त्रीला दारिद्र्याने जी अवस्था आणली होती, जवळजवळ तीच अवस्था येथे वैद्य जाणूनबुजून, मोजून-मापून आणीत होता. रोग्याने ती सोसून पार व्हावे, एवढीच आशा. औषधाचा गुण आणि त्याचा उपद्रव ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, हे तेव्हापासून रक्तरोगांच्या चिकित्सेचे मूलसूत्र झाले.

पुढील वीस वर्षांत एकाच्या जोडीस अनेक औषधे आली. त्यांत एक तर आपल्या अंगणातील सदाफुलीतून निघाले. व्हिन्क्रिस्टीन हे त्याचे नाव. त्याने रोग ओसरतो खरा, परंतु हातापायांना मुंग्या येतात, पाऊल लुळे पडते, मलावरोध होतो. अनेक औषधे एकत्र योजिल्यावर रोगट पेशींचा नाश अधिक होऊ लागला. पण त्याबरोबर मुले रक्तस्रावाने आणि जंतुसंसर्गाने दगावू लागली. मग १९६० च्या सुमारास रक्त गोठविणाऱ्या बिंबाणू पेशी दात्याकडून घेऊन रोग्यास देण्याची पद्धत रूढ झाली आणि रक्तस्रावाचे मृत्यू घटले. औषधे मेंदूभोवतीच्या द्रवापर्यंत पुरेशी पोहोचत नसल्याने रोग तेथे दडून बसतो व पुन्हा डोके वर काढतो, हेही उमगले. अमेरिकेतील मेम्फिस येथे डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी मेंदूवरील किरणोपचारांसह आखलेल्या चिकित्साक्रमात १९७० च्या आगेमागे सुमारे निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली. 'असाध्य' हा शिक्का पुसला गेला तो अशा रीतीने, एकेक उपद्रव ओळखून व त्याला बांध घालून.

आपल्याकडे मात्र १९७० च्या दशकात मोठमोठ्या कर्करोग रुग्णालयांतही या रोगातून वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण शेकडा २० हून कमी होते. १९८३ साली टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी ल्युकेमियाच्या एका बालरुग्णावर अस्थिमज्जारोपण केले. देशात ही चिकित्सा प्रथमच होत होती. परंतु जी चिकित्सा थोड्यांनाच परवडते, तिने सर्वसामान्यांचे भवितव्य पालटत नाही. ते पालटले १९८४ पासून योजिलेल्या एका ठरावीक चिकित्साक्रमाने. डॉ. अडवाणी व अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सहकार्यातून तो उभा राहिला. मुंबई, मद्रास व दिल्ली येथील तीन केंद्रांत एकाच पद्धतीने औषधे देण्यात आली आणि प्रत्येक रोग्याची नोंद ठेवण्यात आली. चार वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४५ ते ६० पर्यंत गेले.

या तीन केंद्रांत १९९० ते १९९७ या काळात उपचार घेतलेल्या १०४८ रोग्यांचा वृत्तान्त २००५ साली प्रसिद्ध झाला. तो प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने लक्षात ठेवावा असा आहे. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडचे यश कमी का, या प्रश्नाचे उत्तर त्यात दिले आहे. औषधे निराळी होती किंवा वैद्य कमी कुशल होते, असे त्याचे उत्तर नाही. आपल्याकडे औषधोपचाराच्या उपद्रवांनी होणारे मृत्यू अधिक होते, हे त्याचे मुख्य कारण दिसून आले. त्यामागील संभाव्य कारणेही संशोधकांनी नमूद केली. रोगाचे निदान उशिरा होते, म्हणून रोगी येतो तोच रोग फार पसरल्यावर. अंगात आधीच दुसरा संसर्ग असतो. सामान्य घरात पाळता येण्याजोग्या स्वच्छतेला मर्यादा पडते. अचानक प्रकृती बिघडली तर जवळ सुसज्ज रुग्णालय नसते. आणि मोठ्या रुग्णालयांतही जोड-उपचारांची साधने अपुरी पडतात.

गिरणगावातील त्या जुन्या चौकशीची येथे आठवण होते. लूसी विल्स यांनी रोगाचे कारण शोधता शोधता स्वयंपाकघर गाठले होते. सत्तर वर्षांनी, पराकाष्ठेची प्रगत औषधे हाती असताना, वैद्यकशास्त्र पुन्हा त्याच दारात येऊन उभे राहिले.

सोलापूरच्या एखाद्या मुलाला हा रोग झाला असता याचा अर्थ काय होतो, ते पाहावे. मुंबई येथून सुमारे साडेचारशे किलोमीटर. तेथे औषध घेऊन मूल घरी परतते. पुढे साधारण आठवडा-दोन आठवड्यांत त्याच्या पांढऱ्या पेशी अगदी कमी होतात. हेच सर्वांत नाजूक दिवस. एरवी ताप आला तर आई कपाळावर थंड पाण्याची पट्टी ठेवते, घरातील वडील माणूस 'सकाळपर्यंत पाहू' असे म्हणते, आणि बहुतेक वेळा ते चुकतही नाही. परंतु या मुलाच्या बाबतीत सकाळपर्यंत वाट पाहणे प्राणावर बेतू शकते. त्याच्या शरीरात जंतूंशी झुंजणारे सैन्यच उरलेले नसते, म्हणून ना पू धरतो, ना सूज येते. ताप हीच काय ती एकमेव खूण. अशा रोग्यास रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभराच्या आत शिरेवाटे प्रतिजैविक औषध मिळावे, असा आजचा दंडक आहे. साध्यासाध्यतेचा निर्णय पुष्कळदा मुंबईच्या प्रयोगशाळेत होत नाही. तो मध्यरात्री एखाद्या चाळीतील खोलीत, तापमापक हाती घेतलेल्या आईच्या मनात होतो.

प्रत्येक रक्तरोगाचे भवितव्य सारखे नसते, हेही सांगितले पाहिजे. मुलांच्या तीव्र ल्युकेमियाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात साधनसंपन्न देशांत आता सुमारे ९० टक्के मुले वाचतात. वृद्धांतील तीव्र प्रकार अद्याप दुर्धर आहे. जुनाट ल्युकेमियाचा एक प्रकार मात्र प्राचीन वैद्यांच्या 'याप्य' या शब्दाचे जिवंत उदाहरण झाला आहे. २००१ साली इमॅटिनिब हे औषध आल्यापासून त्या प्रकारचे अनेक रोगी रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षे संसार व नोकरी सांभाळीत आहेत. पण बरे वाटते म्हणून गोळी आपल्या मनाने सोडली की आवरलेला रोग पुन्हा उसळण्याची भीती असते. तेव्हा 'कर्करोग' हा एक शब्द ऐकून घरात रडारड करण्यापेक्षा 'कोणता प्रकार, कोणती अवस्था, कोणते उपद्रव संभवतात' हे तीन प्रश्न डॉक्टरांस विचारणे अधिक हिताचे.

या इतिहासाचे अखेरचे पान बार्शीचे आहे. १९८७ साली टाटा स्मारक रुग्णालयाच्या साहाय्याने तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिने आपल्या कक्षेत घेतली. शहरात नोंदणी म्हणजे रुग्णालयांतील कागद उतरवून घेणे. येथे खेड्यांत कागदच नव्हते. म्हणून डॉ. भगवान नेने आदी मंडळींनी निराळा मार्ग धरला. नोंदणीचे सेवक गावोगाव फिरू लागले, चावडीवर व घराघरांत बसून लोकांशी बोलू लागले, कोणती लक्षणे दुर्लक्षू नयेत हे सांगू लागले आणि संशयित रोग्यास नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाची वाट दाखवू लागले. मूळ हेतू गणनेचा. पण काही वर्षांतच असे आढळले की, स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रोगी पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले आहेत आणि अधिक काळ जगू लागले आहेत. नवे औषध काहीच आले नव्हते. केवळ कोणीतरी दारापर्यंत जाऊन बोलले होते. हा रोग रक्ताचा नव्हे, परंतु उशिरा होणाऱ्या निदानावर काय उपाय चालतो, हे त्याने दाखवून दिले. रक्ताच्या कर्करोगासही तो धडा लागू आहे. न हटणारा ताप, अकारण उठणारे काळेनिळे डाग, हिरड्यांतून येणारे रक्त, मानेतील वाढत्या गाठी आणि मुलाचा दिवसेंदिवस पांढरा पडत जाणारा चेहरा, यांपैकी काही दिसल्यास रक्ताची साधी तपासणी तालुक्याच्या गावीही करता येते.

सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. 'अंगात रक्त नाही' हे वाक्य मात्र घरांतून अद्याप ऐकू येते. लूसी विल्स यांनी ते वाक्य नशीब म्हणून सोडून दिले नाही. त्यांनी 'का नाही?' असे विचारले. त्या एका प्रश्नातून गिरणगावातील मातेचे औषध निघाले आणि त्याच औषधाच्या उलट्या प्रतिमेतून बोस्टनच्या मुलांचे. यापुढे औषधे आणखी निघतील. परंतु ती रोग्याच्या अंगी लागावीत म्हणून वेळेवर तपासणी, पोटभर सकस अन्न, उकळलेले पाणी, रक्तदान करणारा शेजारी आणि रात्री ताप येताच निघण्याची तयारी, एवढ्या गोष्टी घराने आणि गावानेच पुरवावयाच्या आहेत.